कंपनीची आर्थिक गुणोत्तरं कशी वाचावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअर बाजारात नव्याने उतरलेले गुंतवणूकदार, बँकेकडे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) मागायला निघालेले लघुउद्योजक, बी.कॉम.चे विद्यार्थी आणि सहकारी संस्थांचे सभासद यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कंपन्यांची नावं उदाहरणापुरती आहेत, शेअर घ्या किंवा विका असं त्यातून काही सुचवायचं नाही. जिथे कंपनीचं नाव नाही तिथले आकडे समजावण्यासाठी बनवलेले आहेत.

१. दरवर्षी नफा वाढतोय, एवढं पुरेसं नाही का? गुणोत्तरं कशाला हवीत?

दोन कंपन्यांना प्रत्येकी ५० कोटी नफा झाला. एकीत मालकांचे २०० कोटी गुंतले आहेत, दुसरीत १,००० कोटी. पहिलीने २५ टक्के कमावले. दुसरीने ५ टक्के, म्हणजे मुदत ठेवीपेक्षाही कमी. नुसता नफा पाहिला तर दोघी सारख्याच.

गुणोत्तरं साधारण चार गोष्टी तपासतात: जवळची देणी भागतील का, कर्ज पेलेल का, गुंतवलेला पैसा किती राबतोय आणि त्यातून कमाई किती होतेय. शेअरच्या भावाशी जोडलेली पीईसारखी (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) गुणोत्तरं हा पाचवा गट. पण एक सवय आधी लावून घ्या. गुणोत्तर बदललं की विचारायचं, वरचा आकडा हलला की खालचा? आणि तो कोणत्या निर्णयामुळे हलला? खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नापाशी येतात.

२. ही गुणोत्तरं आयती मिळतात, की स्वतःच काढावी लागतात?

बरीचशी आयती मिळतात. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून ताळेबंदाच्या टिपांमध्ये ११ गुणोत्तरं देणं बंधनकारक झालं. चालू गुणोत्तर म्हणजे करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी), डेट-इक्विटी (कर्ज भागिले मालकांचं भांडवल), कर्जफेड क्षमता म्हणजे डीएससीआर, आरओई (मालकांच्या भांडवलावरचा परतावा), साठ्याची उलाढाल, येण्यांची उलाढाल, देण्यांची उलाढाल, खेळत्या भांडवलाची उलाढाल, निव्वळ नफ्याचं प्रमाण, आरओसीई (कर्जासह सगळ्या भांडवलावरचा परतावा) आणि गुंतवणुकीवरील परतावा. शेअर बाजारात नोंदलेल्या (नोंदणीकृत) कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार व्यवस्थापनाच्या विवेचनातही महत्त्वाच्या गुणोत्तरांतले मोठे बदल सांगावे लागतात.

गुणोत्तरांच्या या तक्त्यात सगळ्यात उपयोगी रकाना शेवटचा. गुणोत्तर आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कंपनीला कारण लिहावं लागतं. ‘येणी वाढल्यामुळे येण्यांची उलाढाल कमी झाली’ असं कारण दिसलं तर समजा की टाळाटाळ आहे, कारण ते वाक्य म्हणजे गुणोत्तराचीच व्याख्या उलटी करून लिहिलेली. ‘मार्चमध्ये मोठी ऑर्डर पाठवली, पैसे मे महिन्यात आले’ हे कारण झालं.

३. एकाच कंपनीचा आरओसीई तीन वेबसाइटवर तीन वेगळे. कुठला खरा?

बहुधा तिन्ही. फरक सूत्राचा असतो. कोणी वर्षअखेरचं भांडवल धरतं, कोणी सुरुवातीचं आणि शेवटचं यांची सरासरी. कोणी इतर उत्पन्न नफ्यात धरतं, कोणी वगळतं. कोणी भाडेपट्ट्याची देणी कर्जात मोजतं (प्रश्न ११ पाहा). एक साइट फक्त मूळ कंपनीचे आकडे घेते, दुसरी उपकंपन्यांसह एकत्रित. कंपनीच्या स्वतःच्या तक्त्याखालीही सूत्र दिलेलं असतं आणि दोन कंपन्यांची सूत्रं जुळतीलच असं नाही.

त्यामुळे तुलना करायची तर सूत्र एकच हवं, सगळ्या वर्षांना आणि सगळ्या स्पर्धकांना. कंपनीने मधल्या वर्षी सूत्र बदललं असेल तर मागची वर्षं नव्या सूत्राने पुन्हा काढा. आणि आकडे बरे दिसायला लागले त्याच वर्षी सूत्र बदललंय का, हेही बघून ठेवा.

४. पुस्तकात लिहिलंय करंट रेशो २ हवा. बँकेचे साहेब १.३३ म्हणतात. नेमकं काय धरायचं?

२ हा आकडा जुन्या काळच्या धनकोंचा अंदाज आहे: चालू मालमत्ता अर्ध्या किमतीला विकावी लागली तरी देणी भागावीत. १.३३ चं मूळ आपल्याकडचं आहे. १९७० च्या दशकात रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी पद्धती सुचवल्या. त्यातल्या दुसरीत चालू मालमत्तेचा किमान २५ टक्के हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून यायला हवा. मालमत्ता १०० असेल तर चालू देणी ७५ च्या वर नकोत, आणि १०० भागिले ७५ म्हणजे १.३३.

लहान उद्योगांसाठी नायक समितीची उलाढालीवर आधारलेली पद्धत वापरतात. तिच्यात अंदाजित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरून २० टक्के बँक देते, ५ टक्के उद्योजक घालतो. या हिशेबाने गुणोत्तर १.२५ येतं. तेव्हा बँकेत १.२५ ऐकलंत तरी दचकू नका.

पण ही बँकेची गरज झाली. धंदा चांगला की वाईट हे त्यावरून ठरत नाही. रोखीने विकणाऱ्या दुकानसाखळीला किंवा वितरकांकडून झटपट पैसे वसूल करणाऱ्या साबण-बिस्किटांच्या कंपनीला १ च्या आसपासही सहज चालतं. उलट ३ चं गुणोत्तर असलेल्या कारखान्यात न खपलेला माल आणि बुडीत उधारी पडलेली असू शकते. करंट रेशो वाढला की साठा आणि येणी आधी उघडून पाहा.

५. मार्चअखेर आमच्या ग्राहक कंपनीचं चित्र फार छान असतं, पण पैसे मात्र वर्षभर उशिराच येतात. आकडे सजवता येतात का?

येतात, आणि तेही कायद्यात राहून. चालू मालमत्ता २०० कोटी, चालू देणी १०० कोटी, गुणोत्तर २. आता ३१ मार्चला ५० कोटींची देणी चुकती केली: १५० भागिले ५०, म्हणजे ३. धंद्यात काहीच बदललं नाही. गंमत अशी की गुणोत्तर १ च्या खाली असेल तर हीच युक्ती उलटते. ८० भागिले १०० म्हणजे ०.८, २० कोटी चुकते केले की ६० भागिले ८०, म्हणजे ०.७५. अशा कंपन्या मग मार्चमध्ये देणी थकवतात आणि रोख जपतात.

तपासायचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, व्याजावरून. दोन्ही वर्षअखेरीला कर्ज १०० कोटी दिसतंय, दर १० टक्क्यांच्या आसपास आहे, पण वर्षाचं व्याज १८ कोटी आहे. म्हणजे वर्षभर सरासरी कर्ज १८० कोटींच्या घरात होतं आणि मार्चपुरतं खाली आणलं. दुसरा, नोंदणीकृत कंपन्या सप्टेंबरअखेरचाही ताळेबंद जाहीर करतात. तो मार्चच्या शेजारी ठेवा.

६. आरओई बघू की आरओसीई?

दोन्ही, आणि त्यांच्यातलं अंतरही. आरओई मालकांच्या पैशावरचा परतावा सांगतो, आरओसीई मालक आणि कर्ज देणारे मिळून गुंतलेल्या सगळ्या पैशावरचा. आरओसीई १० टक्के आणि आरओई २२ टक्के असेल, तर वरचा बराच भाग कर्जाच्या जोरावर आलेला आहे.

हे उलगडायची पद्धत ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी १९१० च्या दशकात घडवली आणि आजही तिला ड्यूपाँट विश्लेषणच म्हणतात. आज प्रचलित असलेल्या रूपात आरओईचे तीन तुकडे होतात: नफ्याचं प्रमाण, मालमत्तेची उलाढाल आणि मालमत्ता मालकांच्या भांडवलाच्या किती पट आहे. यांचा गुणाकार म्हणजे आरओई.

अ कंपनी: नफा १२ टक्के, उलाढाल १ पट, मालमत्ता भांडवलाच्या १.५ पट. आरओई १८ टक्के.
ब कंपनी: नफा ३ टक्के, उलाढाल २ पट, मालमत्ता भांडवलाच्या ३ पट. आरओईही १८ टक्के.

अ मध्ये नफ्याचं प्रमाण एका टक्क्याने घसरलं तर आरओई १६.५ वर येतो. ब मध्ये तेवढंच घसरलं तर १२ वर. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन कंपन्यांमध्ये मंदीत कोणाची झोप उडेल ते स्पष्ट आहे.

७. हिंदुस्थान युनिलिव्हरचा आरओई एका वर्षात ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आला. कंपनी बिघडली का?

नाही. हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो, आणि खालचा आकडा हलण्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

२०१९-२० मध्ये कंपनीचा निव्वळ नफा ६,७३८ कोटी होता आणि नक्त मूल्य (नेट वर्थ, म्हणजे मालकांचं भांडवल) सुमारे ८ हजार कोटी. पुढच्या वर्षी नफा वाढून ७,९५४ कोटी झाला, पण नक्त मूल्य ४७ हजार कोटींवर गेलं. कारण १ एप्रिल २०२० ला हॉर्लिक्स आणि बूस्टवाली जीएसके कन्झ्युमर हेल्थकेअर कंपनीत विलीन झाली. मोबदला रोखीत नव्हता, शेअर देऊन भागवला. ते शेअर बाजारभावाने धरले गेले, त्यामुळे सुमारे ४० हजार कोटी भांडवलात आले आणि समोर मालमत्तेत ब्रँड आणि ख्यातीमूल्य (गुडविल) म्हणून बसले.

आता मागे वळून ८० टक्क्यांकडे पाहा. तोही आकडा फुगलेलाच होता. लक्स, सर्फ, लाइफबॉय हे ब्रँड कंपनीने दशकानुदशकं जाहिराती करून उभे केले. तो खर्च त्या-त्या वर्षी नफ्यातून गेला आणि ताळेबंदात त्यांची किंमत जवळजवळ शून्य राहिली. हॉर्लिक्स विकत घेतलं म्हणून पूर्ण किमतीने दिसलं. घरचे ब्रँड फुकट आणि आणलेले बाजारभावाने, अशा दोन मापांची बेरीज आता खालच्या आकड्यात आहे.

मग खरेदीचा निर्णय कसा होता? त्यासाठी एकत्रित आरओईचा उपयोग नाही. त्या ४० हजार कोटींवर पोषक पेयांच्या विभागातून वर्षाला किती कमाई झाली, ते वेगळं काढावं लागतं (प्रश्न १३ मधली रीत). आणि जुन्या धंद्याची तब्येत बघायची तर ख्यातीमूल्य वगळून परतावा काढा.

८. कागदावर नफा आहे, पण दर महिन्याला पगाराच्या वेळी सीसी संपलेली असते. कुठे चुकतंय?

एमआयडीसीतल्या जवळजवळ प्रत्येक उद्योजकाचा हा प्रश्न असतो. एक नमुन्याचा हिशेब करू. वर्षाची विक्री १२ कोटी, विकलेल्या मालाचा खर्च ९ कोटी, येणी ३ कोटी, साठा दीड कोटी, पुरवठादारांची देणी ९० लाख.

येणी: ३ भागिले १२ गुणिले ३६५, साधारण ९१ दिवस.
साठा: १.५ भागिले ९ गुणिले ३६५, ६१ दिवस.
देणी: ०.९ भागिले ९ गुणिले ३६५, ३६ दिवस.

९१ अधिक ६१ उणे ३६ म्हणजे ११६ दिवस. एवढे दिवस तुमचा पैसा अडकून राहतो. धंद्यात अडकलेली रक्कम ३.६ कोटी. आता पुढच्या वर्षी ३० टक्के वाढ झाली आणि हे दिवस तेच राहिले, तर आणखी १ कोटी ८ लाख लागतील. निव्वळ नफा ५ टक्के धरला तर वाढलेल्या १५.६ कोटींच्या विक्रीवर तो ७८ लाख होतो. म्हणजे सगळा नफा धंद्यात ठेवला तरी ३० लाख कमी पडतात. ऑर्डर वाढल्या म्हणून पेढे वाटावेत आणि त्याच महिन्यात सीसीची मर्यादा संपावी, हे यामुळे होतं.

इथे एक खाच आहे जी पाठ्यपुस्तकात सहसा नसते. विक्रीचा आकडा जीएसटी वगळून असतो, येणी मात्र जीएसटीसह. दर १८ टक्के असेल तर ३ कोटींच्या येण्यांत माल २ कोटी ५४ लाखांचाच. त्या हिशेबाने वसुलीचे दिवस ९१ नसून ७७ भरतात. देण्यांनाही हेच लागू. बँकेला सीएमए डेटा (कर्जासाठी द्यायचे आर्थिक तक्ते) देताना आकडे कुठल्या पद्धतीने काढलेत ते लिहा, म्हणजे शाखेत उगाच वाद होत नाही.

उपाय ज्या त्या दिवसांत शोधायचा. ९१ दिवस सगळ्या ग्राहकांचे सारखे नसतात. बहुधा एकदोन मोठे ग्राहक सरासरी बिघडवतात, म्हणून येण्यांची ग्राहकवार आणि वयवार (किती दिवस थकली त्यानुसार) यादी काढा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना उशिरात उशिरा ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यानेही चिमटा काढला: मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. त्यामुळे उद्यम नोंदणी बिलावर छापलेली असणं बरं.

९. पुरवठादार म्हणून मी कोणाला उधार माल द्यावा हे बघताना कुठलं गुणोत्तर?

ज्याला उधार माल देणार आहात त्याच्या देण्यांचे दिवस गेली तीन वर्षं कसे बदलले ते पाहा. विक्री स्थिर असताना हे दिवस ४० वरून ७० वर गेले असतील, तर बँकेने हात आखडता घेतलाय आणि आता पुरवठादारांच्या पैशावर धंदा चाललाय. तो ग्राहक कंपनी असेल तर टिपांमध्ये देण्यांची वयवार विभागणी असते, सूक्ष्म-लघु उद्योगांची वेगळी.

१०. डेट-इक्विटी १ च्या खाली आहे, व्याजाच्या तिप्पट कमाई आहे. तरी कंपनी हप्ता चुकली. असं होऊ शकतं?

होतं, कारण या दोन्ही गुणोत्तरांत मुद्दलाचा हप्ता कुठेच नाही. व्याज आणि करापूर्वीचा नफा ३० कोटी, व्याज १० कोटी, म्हणजे तिप्पट. कर ५ कोटी, निव्वळ नफा १५ कोटी, घसारा ८ कोटी. या वर्षी मुद्दल फेडायचंय २५ कोटी.

कर्जफेड क्षमता: १५ अधिक ८ अधिक १०, म्हणजे ३३. भागिले व्याज आणि मुद्दल मिळून ३५. आलं ०.९४. दोन कोटी कमीच. प्रकल्पकर्ज देताना बँका या गुणोत्तरावर बोट ठेवतात ते याचसाठी; सरासरी दीडच्या आसपास असावं अशी त्यांची अपेक्षा असते.

डेट-इक्विटी किती असावा याला एक उत्तर नाही. वीजनिर्मिती किंवा रस्तेबांधणीला २ चालू शकतो, सॉफ्टवेअर कंपनीला ०.५ सुद्धा भुवया उंचावणारा. मात्र उपकंपन्यांसाठी दिलेल्या हमी या गुणोत्तरात दिसत नाहीत; त्या संभाव्य देण्यांच्या टिपेत असतात. ती टीप वाचल्याशिवाय ‘कर्ज कमी आहे’ म्हणू नका.

११. २०१९-२० मध्ये विमान आणि रिटेल कंपन्यांचं कर्ज अचानक का वाढलेलं दिसतं?

१ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे लेखामानक लागू झालं. त्याआधी भाड्याने घेतलेल्या विमानांचं किंवा दुकानांचं भाडं फक्त खर्चात दिसायचं. आता पुढच्या वर्षांचं भाडं आजच्या किमतीत आणून देणं म्हणून ताळेबंदात बसतं. भाड्याच्या जागी घसारा आणि व्याज आलं, म्हणून एबिटडा (व्याज, कर आणि घसाऱ्यापूर्वीचा नफा) मात्र सुधारलेला दिसतो. त्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची गुणोत्तरं सरळ शेजारी ठेवू नयेत.

१२. आरओई ४०० टक्के दाखवतोय. साइटची चूक आहे ना?

चूक नसेलही. इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनचं नक्त मूल्य कोविडनंतरच्या तोट्यांमुळे मार्च २०२२ आणि मार्च २०२३ ला उणे होतं. २०२३-२४ मध्ये सुमारे ८,१०० कोटी नफा झाला आणि मार्च २०२४ ला नक्त मूल्य जेमतेम २ हजार कोटींवर आलं. भागाकार केला की ४०० टक्क्यांच्या वर. गणित बरोबर, अर्थ शून्य.

याहून फसवं म्हणजे नफाही उणे आणि नक्त मूल्यही उणे. उण्याला उण्याने भागलं की उत्तर धन येतं आणि संगणकावरची यादी त्या कंपनीला उत्तम ठरवते. अशा वेळी आरओई आणि डेट-इक्विटी दोन्ही बाजूला ठेवून आरओसीई आणि रोखप्रवाह पाहा.

१३. व्यवस्थापनाने घेतलेला एखादा निर्णय बरोबर होता का, हे गुणोत्तरांवरून ठरवता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, पण सरासरीवर नजर ठेवून नाही. जादा घातलेल्या पैशावर जादा काय मिळालं, ते काढायचं.

समजा पाच वर्षांपूर्वी भांडवल ५०० कोटी आणि व्याज-करापूर्वीचा नफा १०० कोटी होता. आरओसीई २० टक्के. विस्तार केला. आज भांडवल १,००० कोटी, नफा १४० कोटी. आरओसीई १४ टक्के. १४ हा आकडा तसा वाईट वाटत नाही. पण नव्या ५०० कोटींवर मिळाले ४० कोटी, म्हणजे ८ टक्के. त्यासाठी कर्ज साडेनऊ टक्क्यांनी काढलं असेल तर विस्ताराने मालकांचं नुकसानच केलं आणि जुना धंदा ते झाकतोय. बांधकाम अजून चालू असेल तर तेवढी रक्कम वगळून मोजा, नाहीतर नव्या कारखान्यावर अन्याय होईल. दोनतीन वर्षांचा अवधीही द्यायला हवा.

एखादं गुणोत्तर मुद्दाम बिघडवूनही धंदा घडवता येतो. पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान उघडलेल्या डी-मार्टचं बघा. बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीची, म्हणून मालमत्तेत पैसा जास्त अडकतो. पुरवठादारांचे पैसे झटपट देते, म्हणून देण्यांचे दिवस अगदी थोडे. देणी ताणून पाठ्यपुस्तकातलं रोखचक्र (प्रश्न ८ मधले पैसा अडकण्याचे दिवस) इथे आणखी आखूड करता आलं असतं असं कोणी म्हणेल. पण लवकर पैसे दिल्याने खरेदी स्वस्त पडते, भाडं वाचतं, आणि तेच कमी भावाच्या रूपाने गिऱ्हाइकाला मिळतं. साठा मग चटकन हलतो. देण्यांच्या गुणोत्तराचं उत्तर साठ्याच्या गुणोत्तरात सापडतं.

शेअर परत विकत घेण्याचं उलट आहे: नफा तोच राहूनही आरओई वाढतो, कारण खालचा आकडा घटतो. ती सुधारणा धंद्याच्या खात्यावर जमा करू नका.

१४. आमच्या साखर कारखान्याचा ३१ मार्चचा ताळेबंद. साठ्याची उलाढाल फारच कमी दिसते. संचालक म्हणतात हंगामामुळे. खरं आहे का?

बऱ्यापैकी खरं. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, साखर मात्र वर्षभर विकली जाते. ३१ मार्चला गोदामं भरलेली आणि मालतारण कर्जही चढलेलं असतं. वर्षअखेरच्या साठ्याने भागलं तर उलाढाल कमी दिसणारच. तिमाहीचे किंवा महिन्याचे साठे घेऊन सरासरी काढा, आणि मार्चची तुलना मागच्या मार्चशीच करा.

पण हंगाम सगळ्याच गोष्टींची ढाल नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर) द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणून सभेत विचारायचं ते हे: हंगाम संपून सहा महिने झाल्यावर, ३० सप्टेंबरला, साठा किती उरला होता आणि थकीत एफआरपी किती होती? तेव्हा साठा कमी आणि तरीही कर्ज जास्त असेल, तर साखर विकली गेली पण पैसा दुसरीकडे गेला.

१५. बँकेला हीच गुणोत्तरं लावायची का?

नाही. ठेवी हाच बँकेचा कच्चा माल, त्यामुळे करंट रेशो आणि डेट-इक्विटी तिथे निरर्थक. थकीत कर्जांचं प्रमाण, भांडवल पर्याप्तता, निव्वळ व्याज नफा, चालू-बचत खात्यांचा वाटा आणि मालमत्तेवरील परतावा हे पाहतात. शेवटचा १ टक्का असला तरी चांगला समजतात.

तरीही पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक विसरू नका. मार्च २०१९ च्या ताळेबंदात थकीत कर्जं ४ टक्क्यांच्या आत होती. त्याच सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि कळलं की सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे कर्जांचा ७० टक्क्यांहून जास्त भाग, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होता आणि एकवीस हजारांहून जास्त बनावट खात्यांआड लपवला होता. गुणोत्तर काढणाऱ्याला हे दिसणं शक्य नव्हतं. खालचा-वरचा दोन्ही आकडे खोटे होते.

१६. म्हणजे घोटाळा गुणोत्तरांतून आधी कळत नाहीच?

कधी कळतो, कधी नाही. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की पुस्तकातल्या ५,३६१ कोटी रोख आणि बँकशिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत जाहीर केलेला परिचालन नफा विक्रीच्या २४ टक्के होता, खरा ३ टक्के. आता २४ टक्के हा त्या काळच्या मोठ्या आयटी कंपन्यांत अगदी शोभून दिसणारा आकडा. स्पर्धकांशी तुलना करणाऱ्याला संशय यायला जागाच नव्हती.

तरी काही तपासण्या सवयीने कराव्यात. पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि पाच वर्षांची परिचालनातून आलेली रोख यांची बेरीज करून शेजारी ठेवा. रोख सातत्याने मागे पडत असेल तर नफा कुठे अडकलाय ते शोधा. व्याजाचं उत्पन्न भागिले सरासरी रोख काढा. बँक ७ टक्के देत असताना कंपनीला ३ पडत असतील तर रोख वर्षभर तिथे नसते. सत्यमने न मिळालेलं ३७६ कोटी व्याजही जमा दाखवलं होतं, म्हणून ‘जमा झालेलं पण न मिळालेलं व्याज’ ही ओळ बघायला शिका. आणि भरपूर रोख असूनही कर्ज काढणारी कंपनी दिसली की कारण विचारा.

ऑल्टमन झेड-स्कोअरबद्दल बरेच जण विचारतात. तो १९६८ चा, अमेरिकेतल्या नोंदणीकृत उत्पादक कंपन्यांवर बेतलेला. दिवाळखोरीचा धोका जोखायला तो आहे, लबाडी पकडायला नाही. बँका आणि वित्तकंपन्यांना तर लावूच नका.

१७. पोलाद कंपनीचा पीई ५ आहे. इतका स्वस्त शेअर लोक का घेत नाहीत?

कारण पोलाद, साखर, सिमेंट अशा चढउताराच्या धंद्यांत पीई सगळ्यात कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना. पुढच्या वर्षी नफा निम्मा झाला तर त्याच भावाला पीई १० होतो. सातआठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर पीई काढून पाहा. जमीन विकून आलेला एकरकमी नफाही वगळा.

१८. परीक्षेत सुरुवातीचा साठा दिला नसेल तर काय करायचं?

अखेरचा साठा घ्या आणि तसं गृहीत धरल्याचं लिहा. उधार विक्री वेगळी दिली नसेल तर एकूण विक्री. वर्ष ३६५ दिवसांचं की ३६० चं हे प्रश्नातच असतं, नसेल तर ३६५.

१९. कंपनीने आर्थिक वर्ष बदललं आणि पंधरा महिन्यांचे आकडे आलेत. गुणोत्तरं कशी काढू?

नेस्ले इंडियाने डिसेंबरवरून मार्चअखेरवर जाताना असं केलं. जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ हा एकच पंधरा महिन्यांचा कालावधी झाला. निव्वळ नफ्याच्या प्रमाणाला काही अडचण नाही, वरखाली दोन्ही पंधराच महिने. करंट रेशो आणि डेट-इक्विटी एका दिवसाचे, तेही तसेच. अडचण येते ती आरओई, आरओसीई आणि उलाढालींना, कारण वरचा आकडा पंधरा महिन्यांचा आणि खालचा एका दिवसाचा. नफा किंवा विक्री १२ भागिले १५ ने गुणून घ्या.

हे ढोबळ झालं. जानेवारी ते मार्च ही तिमाही त्यात दोनदा आलेली असते, म्हणून हंगामी धंद्यात नुसता गुणाकार फसवतो. नोंदणीकृत कंपनी असेल तर तिमाही निकाल घ्या, शेवटच्या चार तिमाहींची बेरीज करा आणि त्यावर गुणोत्तर काढा.